नवं विंडोज अकरा, जुना सर्व्हर 2003 आणि न उघडणारा शेअर फोल्डर

विंडोज दहाचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि त्याच्या आगेमागे सोलापुरात बऱ्याच ऑफिसांनी, कारखान्यांनी एकदम नवे कॉम्प्युटर घेतले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले, नवी पेठेतली होलसेल दुकानं, सीए लोकांची ऑफिसं, सगळीकडे तेच. आणि मग फोन. "दादा, नवा पीसी लावलाय पण सर्व्हर दिसंना ओ." मी नेटवर्कची कामं करतो, त्यामुळं हे वाक्य मला आता पाठ झालंय. म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं, कारण यावर जो उपाय सगळीकडे सांगितला जातो, म्हणजे नव्या पीसीवर फाईल शेअरिंगची एसएमबी 1.0 ही जुनी पद्धत परत चालू करा, तो मला मनापासून चुकीचा वाटतो.

एक उदाहरण घेतो म्हणजे सोपं जाईल. पूर्व भागातला एक चादर-टॉवेलचा कारखाना, नाव सांगत नाही. ऑफिसच्या मागच्या खोलीत सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली ठेवणारा सामायिक कॉम्प्युटर, त्यावर विंडोज सर्व्हर 2003. त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी, एक म्हणजे बिलिंग आणि सूत स्टॉकचं फॉक्सप्रोमध्ये (डेटाबेसची जुनी भाषा) लिहून घेतलेलं सॉफ्टवेअर, आणि दुसरं म्हणजे जकार्डच्या, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागाच्या, डिझाइन्सचा फोल्डर, वर्षानुवर्षं साठवलेल्या मोर, वेलबुट्टी, चौकडी, किनारी, सगळ्या. डिझाइन मास्तर ज्या मशीनवर डिझाइन काढतात ती विंडोज एक्सपीवर चालते आणि त्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती छोटी किल्ली, जुन्या प्रिंटर पोर्टला लागतो, नव्या पीसीला ते पोर्टच नाही. म्हणजे "सगळंच बदलून टाका" हे सांगणं सोपं आहे पण मालकाच्या दृष्टीनं तो फोल्डर म्हणजे धंद्याची पुंजी आहे, हे मी पूर्ण मान्य करतो आणि तिथूनच कामाला सुरुवात करतो.

लक्षण काय होतं? जुन्या विंडोज सातच्या पीसीवरून सर्व्हर झक्कास उघडतो. नव्या विंडोज अकरावरून नेटवर्कमध्ये नावच नाही, आणि नाव टाइप केलं तर 0x80070035, नेटवर्क पाथ सापडत नाही. पिंग, म्हणजे "आहेस का" विचारणारा छोटा संदेश, मात्र जातंय.

पिंग जातंय म्हणजे केबल, स्विच, आयपी ठीक आहे, बास, पिंगचा अर्थ तेवढाच. इथंच बरेच जण गडबडतात, पिंग येतंय म्हणून सर्व्हरचं शेअरिंग बिघडलं म्हणतात, कुणी सर्व्हर रीस्टार्ट करतं, आणि सर्व्हर 2003 एवढ्या जुन्या हार्डवेअरवर असेल तर उगाच रीस्टार्ट करणं मला अजिबात आवडत नाही, सतत फिरणारी जुनी हार्डडिस्क एकदा थंड होऊन परत उठेलच याची खात्री नसते. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीशीच्या पुढं, आणि कारखान्यात हवेतच सुताचा कोंडा, तो फॅनमध्ये आणि हीटसिंकमध्ये असा बसतो की हवाच जात नाही. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी डेटाची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर. ती सुद्धा जुन्या चालणाऱ्या पीसीवरूनच घ्यायची. हे झाल्याशिवाय पुढचं वाचू सुद्धा नका.

आता बघा, "सर्व्हर दिसत नाही" यात तीन वेगवेगळे प्रकार असतात आणि ते वेगवेगळे तपासले तरच हाती काही लागतं.

पहिला प्रकार नावाचा. पूर्वी नेटवर्क नेबरहूडमध्ये जी यादी यायची ती नेटबायोस ही नावं ओळखायची जुनी पद्धत आणि कॉम्प्युटर ब्राउझर सर्व्हिस यांवर चालायची, आणि ती सर्व्हिस एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. नव्या विंडोजमध्ये ती गेली, आता यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या नव्या पद्धतीनं बनते आणि सर्व्हर 2003 ला ते येतच नाही. त्यामुळं यादीत नाव नसणं हा बिघाड नाही. यादीकडे बघायचंच नाही, रन मध्ये जाऊन दोन उलटे स्लॅश आणि पुढं सर्व्हरचा आयपी टाकायचा. आयपीनं उघडलं आणि नावानं नाही उघडलं तर प्रश्न फक्त नावाचा, पीसीवरच्या हॉस्ट्स फाईलमध्ये, जिथं नाव आणि आयपीची जोडी लिहितात, एक ओळ लिहिली की मिटलं. पण त्यासाठी सर्व्हरचा आयपी कायमचा ठरलेला पाहिजे, राउटरनं दर वेळी नवा दिला तर ती ओळ निरुपयोगी.

दुसरा प्रकार म्हणजे खरा प्रकार, प्रोटोकॉलचा. विंडोजमधलं फाईल शेअरिंग एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलवर चालतं, हल्ली टीसीपी 445 पोर्टवर, त्याच्या आधी 139 वर. या प्रोटोकॉलच्या आवृत्त्या आहेत. एक्सपी आणि सर्व्हर 2003 ला फक्त पहिली येते, सर्व्हर 2003 आर टू असलं तरी तेच. दुसरी आवृत्ती व्हिस्टा आणि सर्व्हर 2008 बरोबर आली, तिसरी विंडोज आठ आणि सर्व्हर 2012 बरोबर. दोन मशीन जोडताना आधी विचारपूस करतात की तुला कुठली कुठली येते, आणि दोघांना येणारी सगळ्यात नवी आवृत्ती धरतात. विंडोज सातला पहिली पण येते आणि दुसरी पण, म्हणून त्याचं दोघांशी जमतं. नव्या विंडोजमध्ये पहिली आपणहून येत नाही, मुद्दाम चालू करावी लागते. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज दहाची 1709 आवृत्ती आली तेव्हापासून हे सुरू झालं. म्हणजे आता एका बाजूला फक्त पहिली येणारा, दुसऱ्या बाजूला दुसरी-तिसरीच येणारा. सर्व्हर ठणठणीत, नवा पीसी पण ठणठणीत, दोघांना एकत्र बोलता येईल अशी भाषाच उरली नाही.

हे तपासायला पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन कमांड आहे, सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट 445 द्यायचा. ट्रू आलं म्हणजे पोर्टपर्यंत पोचतंय, तरीही फोल्डर उघडत नसेल तर भांडण आवृत्तीचं नाहीतर लॉगिनचं. फॉल्स आलं तर आधी फायरवॉल बघा, आणि नव्या पीसीवरच्या अँटीव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असते ती सुद्धा बघा, ती बऱ्याचदा विसरली जाते.

आता तो प्रसिद्ध उपाय. कंट्रोल पॅनल, विंडोज फीचर्स, तिथं एसएमबी 1.0 वर टिक, रीस्टार्ट, झालं. व्हिडिओ बघून कुणीही करतंय, आणि हो, चालतं. मग मी नको का म्हणतो?

12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फायली अडकवून पैसे मागणारं सॉफ्टवेअर) जगभर पसरलं ते एसएमबीच्या याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांचं काम बंद पडलं होतं. त्या भोकाचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टनं मार्च 2017 मध्येच काढलेला, एमएस 17-010, पण ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले. एक्सपी आणि सर्व्हर 2003 चा सपोर्ट तेव्हा संपलेला होता, एक्सपीचा 8 एप्रिल 2014 ला, सर्व्हर 2003 चा 14 जुलै 2015 ला, तरी परिस्थिती एवढी वाईट की त्या दोघांसाठी सुद्धा पॅच सोडावा लागला. तुमच्याकडे अजून सर्व्हर 2003 चालू असेल तर हा पॅच टाकलाय का हे आजच बघा, हे मी अगदी कळकळीनं सांगतो, कारण मी गेलो त्या ठिकाणी बहुतेक वेळा तो नसतोच. आणि पॅच टाकला तरी त्या जुन्या आवृत्तीत एन्क्रिप्शन (डेटा गुप्त करून पाठवणं) नाहीच, ते तिसऱ्या आवृत्तीत आलं. एखाद्याच्या पीसीवर मेलमधून काही आलं तर तिथून सगळ्या ऑफिसात फिरायला हा मोकळा रस्ता आहे. एका जुन्या मशीनसाठी ऑफिसातल्या सगळ्या नव्या मशीनांची कडी काढून ठेवायची हे मला पटत नाही. कमीपणा जुन्यात आहे, तर सोय पण जुन्याच्याच बाजूला करायची.

तरी एखाद्या ठिकाणी एक-दोन दिवसांची नड असते, जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख असते, मी समजू शकतो. मग निदान एवढं करा, त्या टिकच्या खाली अजून तीन टिक असतात, ऑटोमॅटिक रिमूव्हल, क्लायंट आणि सर्व्हर. त्यातली फक्त क्लायंट ठेवा, सर्व्हर काढा, आणि एकाच पीसीवर करा. ती ऑटोमॅटिक रिमूव्हलची टिक काय करते हे पण माहीत पाहिजे, पीसी चालू असलेल्या वेळेतले एकूण 15 दिवस जुनी आवृत्ती वापरली गेली नाही तर विंडोज ती आपोआप काढून टाकतं. हिशोब बघणाऱ्या एक ताई मला सांगत होत्या, "ओ दादा, तुमचा तो सर्व्हर महिनाअखेरीलाच रुसतो बघा." त्या ताई आपल्या पीसीवरून जुना सर्व्हर महिन्यातून एकदाच उघडायच्या, मधले दिवस बाकीचं काम. तेवढ्यात विंडोज ते काढून मोकळं. सर्व्हर बिचारा जागेवरच होता.

आणि विंडोज अकराच्या 24एच2 या आवृत्तीनंतर ही टिक करून सुद्धा चालत नाही अशी तक्रार येते. त्याचं कारण साइनिंग. 24एच2 प्रो मध्ये एसएमबी साइनिंग सक्तीचं झालं, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर सही पाहिजे. सर्व्हर 2003 ला साइनिंग येतं, पण तो डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा मुख्य सर्व्हर) नसेल तर ते मुळात बंद असतं. सर्व्हरच्या लोकल सिक्युरिटी पॉलिसीत, सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये, क्लायंट तयार असेल तर साइन करा अशा अर्थाची ओळ आहे ती चालू करायची. लोक उलटं करतात, नव्या पीसीवरचं साइनिंगच बंद करतात. परत तेच, नव्याला खाली ओढायचं.

तिसरा प्रकार लॉगिनचा. इथं प्रोटोकॉल जुळलेला असतो पण आत घेत नाही. याचे जे प्रकार मला सारखे दिसतात ते सांगतो. पीसीवर लोक चार-सहा आकडी पिन टाकून बसतात आणि सर्व्हरनं पासवर्ड विचारला की तोच पिन देतात, पिन त्या पीसीपुरताच असतो, नेटवर्कवर त्याचा काही उपयोग नाही. किंवा पीसी मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं चालू आहे, म्हणजे यूजरनेम ईमेल आहे, सर्व्हर 2003 ला तो ईमेल कोण हे कसं कळणार. तिथं सर्व्हरचं नाव, उलटा स्लॅश, आणि सर्व्हरवरचा यूजर असं पूर्ण लिहायचं. सर्व्हरवरच्या यूजरला पासवर्डच नाही हा पण नेहमीचा प्रकार, कोरा पासवर्ड सर्व्हरसमोर बसून चालतो, नेटवर्कवरून चालत नाही, विंडोजच अडवतं. आणि एकदा चुकीचा पासवर्ड लक्षात ठेव म्हणून टिक केलं की क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तो बसून राहतो, तुम्ही नंतर कितीही बरोबर करा, आधी तिथली नोंद काढा.

गेस्टचा एक वेगळा मामला आहे, तो सर्व्हरपेक्षा जुन्या नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवर फायली ठेवायच्या, डब्यांवर जास्त येतो. पूर्वी शेअर सगळ्यांना उघडा ठेवायचे, पासवर्ड नाही काही नाही. 24एच2 पासून प्रो मध्ये गेस्ट म्हणून जाणंच बंद आहे, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे अडवलंय असा मेसेज येतो आणि लोक बुचकळ्यात पडतात की आमची कुठली आली संस्था. नॅसवर एक यूजर आणि पासवर्ड बनवा, संपला विषय. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबीची किमान आवृत्ती दोन करता येते का ते पण बघा, बऱ्याच डब्यांमध्ये फर्मवेअर अपडेट केलं की तो पर्याय मिळतो.

आणि एक हार्डवेअरचं, थोडक्यात. फोल्डर उघडतो पण फाईल कॉपी करताना रखडतं, मधेच तुटतं असं असेल तर सर्व्हरच्या नेटवर्क कार्डची सेटिंग बघा. पूर्वी कुणीतरी ते 100 एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी दोन्ही बाजूंनी डेटा) पक्कं करून ठेवलेलं असतं आणि नवा स्विच ऑटोवर असतो, अशा वेळी स्विच स्वतःला हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच बाजू) समजतो आणि गाडी अडखळत चालते. दोन्हीकडे ऑटो ठेवायचं.

आता त्या कारखान्यात शेवटी केलं काय ते सांगतो. सोलापूरच्या पेठेत गिऱ्हाईक कन्नड बोलतंय, विणकर तेलुगू, मालक मराठी, आणि मधला एकजण तिन्ही भाषा बोलून सौदा जमवतो हे आपण रोज बघतो ना, तसाच एक मधला माणूस बसवला. ऑफिसातला पडून असलेला जुना पीसी घेतला, त्याला दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं, लिनक्स आणि सांबा टाकलं, सांबा म्हणजे लिनक्सवरून विंडोजला फोल्डर शेअर करून देणारं सॉफ्टवेअर. एका कार्डाला छोटा वेगळा स्विच, त्यावर फक्त सर्व्हर 2003 आणि डिझाइन मास्तरांची एक्सपी. दुसऱ्या कार्डाला ऑफिसचं नेटवर्क. जुन्या सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, काढून टाकला, इंटरनेट पूर्ण बंद. लिनक्सच्या पीसीवर एका कार्डाकडून दुसरीकडं पॅकेट पुढं पाठवणं बंदच ठेवलं, त्यामुळं ऑफिसातून कुणाला थेट जुन्या सर्व्हरपर्यंत जाता येत नाही.

लिनक्सनं जुन्या सर्व्हरचा डिझाइनचा फोल्डर माउंट केला, म्हणजे स्वतःचाच असल्यासारखा जोडून घेतला, आवृत्ती 1.0 असं स्पष्ट सांगून, कारण लिनक्सनं सुद्धा 2017 मध्येच ही जुनी आवृत्ती आपणहून वापरणं सोडलं, न सांगता माउंट करायला गेलं तर जुळत नाही. तोच फोल्डर पुढं सांबानं ऑफिसला दिला, किमान आवृत्ती दोन, प्रत्येकाला यूजर आणि पासवर्ड. माउंट करताना कॅरेक्टर सेट यूटीएफ-8 द्यायचं विसरू नका, नाहीतर मराठीत नाव दिलेले फोल्डर, "नवीन किनार", "दिवाळी ऑर्डर" असले, सगळे प्रश्नचिन्हं होऊन येतात आणि लोक घाबरतात की डेटा गेला.

नव्या पीसीवरून बघितलं, पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीकनेक्शन दिलं की कुठल्या आवृत्तीवर जोडलंय ते कळतं, 3.1.1 आलं. कुठल्याही नव्या पीसीवर काही ढिलं करावं लागलं नाही.

फॉक्सप्रोचं मात्र या मार्गानं करायचं नाही, हे ठळक लक्षात ठेवा. डिझाइनची फाईल एका वेळी एकजण उघडतो, पण बिलिंगच्या डीबीएफ (फॉक्सप्रोच्या डेटाच्या) फायली एकाच वेळी तीन-चार जण उघडून बसतात आणि सगळा खेळ रेकॉर्ड लॉकवर, म्हणजे एकजण नोंद बदलताना दुसऱ्याला थांबवण्यावर, असतो. माउंट केलेला फोल्डर परत शेअर केला की ते लॉक मूळ सर्व्हरपर्यंत नीट पोचतील याचा भरवसा नाही, आणि इंडेक्स खराब झाला की बिल नंबर दोनदा पडतात, स्टॉक जुळत नाही. म्हणून तो डेटा पूर्णच हलवला, लिनक्सच्या पीसीत नवी एसएसडी बसवून थेट तिच्यावर. बिलिंगची एक्झी (चालवायची प्रोग्रॅम फाईल) व्हिज्युअल फॉक्सप्रोची होती, म्हणजे 32 बिट, ती विंडोज अकरावर चालते. डॉसवाली फॉक्सप्रो असती तर ती 16 बिट, आणि विंडोज अकरा फक्त 64 बिटमध्येच येतं, त्यावर ती चालत नाही, मग इम्युलेटर वगैरे वेगळी कथा. त्या शेअरवर सांबात ऑपलॉक, म्हणजे पीसीला फाईल स्वतःकडे साठवून काम करायची मुभा, बंद केले, आणि नव्या पीसींवर रजिस्ट्रीत लॅनमनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये डिरेक्टरी कॅश, फाईल इन्फो कॅश आणि फाईल नॉट फाउंड कॅश या तिन्हींचा लाइफटाइम शून्य केला. याचं कारण दुसऱ्या आवृत्तीपासून विंडोज फाईलची माहिती काही सेकंद स्वतःकडेच धरून ठेवतं, एकानं बिल केलं आणि दुसऱ्याला जुनंच दिसतं. शून्य केल्यावर वेग थोडा कमी होतो, हिशोब बरोबर येतो, मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. जुना सर्व्हर आता बिलिंगच्या कामात राहिलाच नाही.

मालक म्हणाले, "म्हंजे आता तो जुना डबा बंद करायचा का ओ?" अजून नाही. डिझाइन मास्तरांचं सॉफ्टवेअर त्या एक्सपीवर आणि त्या डोंगलवर आहे तोपर्यंत दोघंही आपल्या छोट्या स्विचवर राहू देत, तिथून त्यांचा ऑफिसला थेट धोका नाही. मात्र ते डोंगल किंवा तो मदरबोर्ड एक दिवस जाणार हे धरून चालायला पाहिजे, म्हणून मास्तरांना विनंती केलीय की रिकामा वेळ मिळेल तशा जुन्या डिझाइन्स बीएमपीमध्ये एक्सपोर्ट करून ठेवा, बीएमपी जकार्डची बरीचशी नवी सॉफ्टवेअरं उघडतात. विणीची माहिती, कुठल्या रंगाला कुठली वीण, ती बीएमपीत येत नाही, ती प्रत्येक डिझाइनबरोबर वेगळी लिहून ठेवायला लागते. मास्तरांनी मोरापासून सुरुवात केलीय, जास्त खपणाऱ्या चादरींच्या डिझाइन्स आधी, आणि त्यांच्या शेजारी एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये विणीचे आकडे.